नाण्याला हात लावायचा नाही

आमच्या गल्लीत तिला सगळे मावशीच म्हणायचे. चिडला की तिचा नवरासुद्धा म्हणायचा, "घ्या, आल्या मावशी!" त्याच्या सायकलच्या दुकानापुढच्या पत्र्याच्या खोलीत तिनं व्हिडिओ गेमची तीन मशिनं लावली, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. बाईमाणसानं असलं दुकान काढावं? पोरं बिघडतील! मावशी म्हणाली, "माझ्याकडे बिघडलेलीच येतात. तुमची सरळ आहेत ना, मग ठेवा घरात."

आजची पोरं ते खेळ बघून हसतील. काळा पडदा, वरून रांगेनं उतरणारे हिरवे किडे, खाली आपलं चिमुकलं विमान, एका नाण्यात तीन. डावीकडे सरका, उजवीकडे सरका, गोळी मारा. बस. शिकवणी लागायची नाही की कुणाची ओळख लागायची नाही. हसा खुशाल. विमान सरकवायच्या त्या दांडीनं माझ्या तळहाताला घट्टे पाडले, ते मी अजून मिरवते.

तिथे एक नियम होता. पडद्याखालच्या पट्टीवर आपलं नाणं ठेवायचं, तो आपला नंबर. पुढच्याचं नाणं त्याच्या शेजारी. हरला की बाजूला. पुन्हा खेळायचं तर रांगेच्या शेवटी. आणि दुसऱ्याच्या नाण्याला हात लावायचा नाही.

एकदा गल्लीतल्या एका टग्यानं माझं नाणं उचलून भिरकावलं. "पोरींचं काय काम इथे?" मावशीनं सरळ मेन स्विच खाली ओढला. तिन्ही पडदे काळे. "नाणं होतं तिथे ठेव. तोवर मी विणत बसते." टग्या ज्यांच्या जिवावर उड्या मारायचा, त्याच पोरांनी त्याला गुडघ्यांवर बसवून बाकाखालचं नाणं शोधायला लावलं. पुढे मी बरेच मोर्चे काढले, पण संघटना म्हणजे काय ते मला त्या पत्र्याच्या खोलीत कळलं.

मग रस्ता रुंद करायचा म्हणून खोली पाडली. दोन मशिनं भंगारात गेली. तिसरं, किड्यांचं, एका कॉफीच्या दुकानाच्या मालकानं मागितलं. मावशीनं एकच अट घातली : "ते चालू ठेवायचं. लोकांनी खेळलं पाहिजे."

"अहो, त्यासाठीच तर नेतोय!" मालक म्हणाला.

परवा मी तिला रिक्षात घालून तिथे नेलं. मशीन होतं. चकाचक पुसलेलं, भोवती मखमली दोरी, पडदा बंद. वर पाटी : 'फक्त फोटोसाठी. हात लावू नये.'

माझं डोकं सणकलं. मी तोंड उघडणार तोच मावशीनं मनगट धरलं. "भाषण नको." दोरीखालून वाकून ती आत शिरली, नाणं काढून पट्टीवर ठेवलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

मालक धावत आला. "मावशी, जुनं झालंय हो ते. बिघडेल."

"जुनी मीही झालेय. मलाही दोरी बांधणार का?"

"लोक बघतायत..."

"बघू देत. माझा नंबर आहे."

मालक कसनुसा हसला आणि परत द्यायला म्हणून त्यानं नाणं उचललं.

"ए! नाण्याला हात लावायचा नाही!"

मी नव्हे. कोपऱ्यातल्या टेबलावरचा, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवलेला एक टकला माणूस ओरडला होता. स्वतःच्याच आवाजानं दचकला बिचारा. पण उठला, खिसे चाचपत आला. "ठेवा ते जागेवर." मालकानं ठेवल्यावर त्यानं शेजारी आपलं ठेवलं. "मावशी, ओळखलंत? तुम्ही माझा कान पिळायचात."

"कान सगळ्यांचेच पिळले. रांगेत उभा राहा."

आतून कपबशा धुणारी बाई ओले हात पुसत आली, तिनंही नाणं ठेवलं. मग मी. गिऱ्हाइकांनी फोन वर केले. मालकाला हवे होते ते फोटो आता निघायला लागले!

शेवटी त्यानंच वाकून वायर ओढली आणि प्लग लावला. पडदा घरघरला, थरथरला, आणि हिरवे किडे रांगेनं उतरू लागले.

मावशीनं नाणं फटीत टाकलं, सुजलेल्या बोटांनी दांडी धरली. पहिल्याच रांगेनं तिची तिन्ही विमानं फस्त केली.

"माझा डाव तुम्ही खेळा," टकला म्हणाला.

"उपकार नकोत." तिनं दुसरं नाणं काढलं, आम्हा सगळ्यांच्या नाण्यांमागे पट्टीच्या टोकाला ठेवलं आणि मालकाकडे वळली. "खेळायचं असेल तर तुमचा नंबर माझ्या मागे."