कन्येची दोन नावे

विद्येची अधिष्ठात्री जी शारदा, तिच्या चरणी मस्तक ठेवून लिहायला बसलो आहे. आज व्यासपौर्णिमा. सकाळी पूजा आटोपते न आटोपते तोच कन्येचा दूरध्वनी आला. "बाबा, जुळलं एकदाचं," ती म्हणाली. मी "बरं" म्हणालो. काय जुळले, हे सांगायचे तर मागे जावे लागेल.

माझी कन्या इथेच नागपुरात वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते आणि सिकलसेल या रक्ताच्या आजारावर संशोधन करते. लग्नाआधी ती एस.टी.ने उमरेडकडच्या गावांत जाई आणि मुलांच्या रक्ताचे नमुने बर्फाच्या डब्यातून आणी. त्या कामावरचा तिचा पहिला शोधनिबंध छापून आला, तेव्हा मी तो देवघरात ठेवून त्यावर हळदकुंकू वाहिले. आतला मजकूर मला कळला नाही. तिचे नाव तेवढे वाचता आले. पुढे दूरदूरच्या संशोधकांनी आपल्या लेखांत त्या निबंधाचा आधार घेतला. पूर्वाचार्यांचे मत सांगून मगच स्वतःचे मांडावे, ही आमच्या शास्त्रांतलीही रीत. त्यामुळे त्या उल्लेखांचे मोल मला सांगावे लागले नाही.

मग तिचे लग्न ठरले. व्याही म्हणाले, "गुरुजी, तुम्ही संस्कृतचे. सुनेचं नाव तुम्हीच सुचवा." मी तीन दिवस विचार करून, रास पाहून एक नाव काढले. जावयांनी ताटातल्या तांदळात अंगठीने ते लिहिले. पंगतीत एका वकील पाहुण्यांनी सुचवले की नावाचा बदल सरकारी राजपत्रात छापून घ्यावा. मी म्हणालो, "अग्नी साक्षी आहे. राजपत्र कशाला?" सारे हसले. कन्याही हसली. बाकीचे कागद विवाहनोंदणीच्या दाखल्यावर बदलले, आणि त्यानंतरचे तिचे सगळे निबंध नव्या नावाने निघाले.

गेल्या वर्षी तिच्या विषयातल्या प्राध्यापकपदाची जाहिरात निघाली. ती जागा तिला हवी होती. उमरेडच्या बाजूला रक्ततपासणीचे कायमचे केंद्र काढायचे तिच्या मनात होते, आणि ते त्या पदावरूनच शक्य होते. अर्जाला निबंधांची यादी आणि त्यांचा इतरांनी किती वेळा उल्लेख केला त्याचा संगणकातून काढलेला तक्ता जोडायचा होता. छाननीत जुन्या नावाचे निबंध वगळले गेले. उरलेल्यांवर ती पात्रतेला थोडी कमी पडली.

लग्नपत्रिका आणि विवाहनोंदणीचा दाखला घेऊन मी तिच्यासोबत छाननीच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूंनी पत्रिका उलटसुलट पाहिली.

"गुरुजी, दाखल्यावर आडनाव चालते जी. पहिलं नावच बदललं तर राजपत्र लागते. आहे का?"

"नाही. मी हिचा जन्मदाता समोर उभा आहे. दोन्ही नावं हिचीच."

"मले पटते जी. पण कॉम्प्युटरले बाप-लेक समजत नाही. त्याच्या हिशेबी ह्या दोन बाया आहेत." मग कन्येकडे पाहून ते म्हणाले, "अन् खरं सांगू का मॅडम, त्या दोघींत पहिलीच जास्त हुशार दिसून राहिली."

"ती लग्न करून गेली ना दादा," कन्या म्हणाली. "तेव्हापासून पत्ता नाही तिचा."

बाबू मोकळेपणाने हसले. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवले. पण राजपत्राविना अर्ज पुढे सरकणार नव्हता.

आम्ही प्रतिज्ञापत्र केले, राजपत्रासाठी अर्ज केला. ते छापून आले तोवर मुलाखती होऊन गेल्या होत्या. त्या संध्याकाळी कन्या माझ्याकडे आली आणि समोर बसून मेथी निवडू लागली. मी म्हणालो, "माझ्यामुळे झालं." ती म्हणाली, "मीही तर हसलेच होते बाबा." ती रडली नाही. मला रडू यायला हवे होते, असे वाटत राहिले. माळेचे मणी नेहमीप्रमाणे सरकत होते. जप किती झाला, ते कळले नाही.

राजपत्राची प्रत तिने निबंधांची नोंद ठेवणाऱ्यांना पाठवली होती. आज सकाळी पाहते तर दोन्ही नावांचे निबंध एकाच नोंदीखाली आले होते.

"आता?" मी विचारले.

"आता पुढची जाहिरात निघेल तेव्हा. वयात बसले तर." मागे कोणी तिला हाक मारली. "ठेवते बाबा. तास आहे."

मी देवघरातला तो निबंध काढला. कुंकवाचा डाग तपकिरी पडला आहे. त्याखालचे नाव वाचता येते. इतकी वर्षे तिच्यासाठी संकल्प सोडताना मी केवळ सासरच्या नावाचा उच्चार करीत आलो. आज पुन्हा आचमन केले, दोन्ही नावे उच्चारली आणि पाणी सोडले. आत काही हलले नाही. ताम्हन उचलून पाणी तुळशीला घातले.

वाचणाऱ्या आपणांस आणि आपल्या घरादारास परमेश्वर आरोग्य देवो. आपल्या लेकीसुनांनी आयुष्यभर केलेले काम त्यांच्याच नावावर राहो.