बॅटरीच्या टोकावरचा काळा दोरा

ठमाबाईच्या घरात दोरा नसलेली वस्तू नव्हती. सायकलच्या हँडलला, पाणी उपसायच्या इंजिनाला, विळ्याच्या मुठीला, नातवाच्या पायाला काळ्या लोकरीचा पीळ असायचा. मेंढरं गेली तरी दोरा ती स्वतः कातायची. लोकर भावाकडून यायची.

मेंढरं गेली त्याला कारण होतं, निदान तिच्यापुरतं. नवरा वारला तेव्हा सुतक होतं, म्हणून तिने त्या खेपेच्या कोकरांना दोरे बांधले नाहीत. पुढे रोग आला आणि मेंढरांचा वाडा रिकामा झाला. डॉक्टरने रोगाचं नाव सांगितलं, तिने ते ऐकून घेतलं. पण त्यानंतर तिने काहीच मोकळं सोडलं नाही.

पळसदेवच्या बाहेर, उजनीच्या पाण्याकडेला त्यांची वस्ती. विजेचे खांब गावापर्यंत येऊन थांबले होते. नव्वदचं दशक सरत आलं, तेव्हा तिच्या बहिणीच्या मुलाने, दीपकने, छपरावर सोलरच्या प्लेटा चढवल्या आणि घरात बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवला. तो बारामतीला बॅटरीच्या दुकानात कामाला होता. वायर जोडायच्या आधी ठमाबाईने बॅटरीच्या शिशाच्या टोकाला दोन वेढे दिले.

दीपकने ते पाहिलं. त्याच्या स्वतःच्या कमरेलाही तसाच दोरा होता. वेढ्यांवरच त्याने वायरीची क्लिप बसवली आणि पान्याने आवळली.

लोकर दबते आणि पुन्हा थोडी फुगते. धातू आणि धातूच्या मध्ये केसाएवढी फट राहिली.

पावसाळा संपत आला होता. संभाजी, तिचा मुलगा, लोणी देवकरच्या कारखान्यात पाळीवर गेलेला. सून स्वरूपा टीव्हीसमोर शेंगा फोडत बसली होती, पंखा फिरत होता, बॅटरीच्या वरच्या अंगाला झोळीत पोरगं झोपलं होतं. ठमाबाईला जळक्या लोकरीचा वास आला. तिने आधी चूल पाहिली, मग अंगावरची घोंगडी चाचपली. तेवढ्यात बारीक किर्र आवाज आला. बॅटरीच्या टोकावर निळी ठिणगी नाचत होती.

"स्वरूपा, पोराला उचल!"

स्वरूपाने झोळीतून पोर काढलं. ठमाबाईने दीपकने दाखवलेलं लाल बटण दाबलं. पंखा थांबला, टीव्ही विझला आणि आवाजही थांबला. क्लिपखाली दोऱ्याचा कोळसा झाला होता.

संध्याकाळी संभाजी भडकला. "आता तुळशीला बी करंट येईल, तितं बी दोरा बांधलायस!" तो म्हणाला, "ही बला परत देऊन टाकतो." स्वरूपा मात्र म्हणाली, "द्या की. मग पोराला रातच्याला चिमणीच्या उजेडात शोधायचं का?"

दुसऱ्या दिवशी दीपक आला. टोक घासून, क्लिप नीट बसवून तो मावशीसमोर उकिडवा बसला.

"चूक माझी हाय मावशी. मी बघितलं हुतं."

"मग फ्यूज कशापायी घातलायस? तो का गेला न्हाय?"

"फ्यूजला जास्तीचा करंट कळतो. ठिणगीत करंट जास्ती नव्हता, नेहमीएवढाच. त्याला फट कळत न्हाय. परदेशात आता ठिणगी वळखणारी कळ निघालीया म्हणं. आपोआप बंद हुती."

"हितं कवा यायची?"

"खांब आल्यावर," संभाजी म्हणाला.

दीपक हसला नाही. "आन् बॅटरीतनं ग्यास निघतो, मावशी. ठिणगी तितं नगं. दोरा बॅटरीखालच्या स्टुलाच्या पायाला बांध."

"नजर स्टुलाला लागती व्हय रं?"

दीपकने पाना पिशवीत ठेवला.

ठमाबाईने टोपल्यातून नवा पीळ काढला. तो तिने बोटाला गुंडाळला, उलगडला, पुन्हा गुंडाळला. झोळी अजून बॅटरीच्या वरच्या अंगालाच टांगलेली होती. जास्तीचं दुःख आलं की माणसं धावून येतात. बारीक फटीतून जे वर्षानुवर्षं जळत राहतं, ते घरातल्यांनाही कळत नाही. या घरातही कुणी तिला कोकरांबद्दल कधी विचारलं नव्हतं.

"त्या सालच्या कोकरांना मी बांधला नव्हता," ती म्हणाली.

संभाजीने तिच्याकडे पाहिलं. "आये, ती रोगानं गेली."

"रोगानं गेली," ती म्हणाली. जणू ते पहिल्यांदाच ऐकत होती.

तिने पीळ टोपल्यात टाकला. झोळी सोडून ती दाराजवळच्या आढ्याला, बॅटरीपासून लांब बांधली. मग बॅटरीजवळ येऊन कान लावला. काही आवाज नव्हता.

"लाव दिवा," तिने स्वरूपाला सांगितलं.

ट्यूब दोनदा लुकलुकून लागली. पोराने उजेडाकडे पाहून हात उडवले. घरात बॅटरी ही एकच वस्तू दोऱ्यावाचून मोकळी होती. उजेड पडल्यावर बाकीचे जेवायला बसले, तरी ठमाबाई तिथंच, कान देऊन उभी होती.