मयताच्या वाटेवरचं फाटक

मार्सली मॅकार्वी कुळप्रमुख झाली तो दिवस तिनं एक मेंढी दलदलीतून ओढून काढण्यात घालवला होता. कोपरापर्यंत चिखल, पायांत बापाचे रबरी बूट. भाऊ लढाईत बोटीसकट बुडाला, त्या धक्क्यानं बाप गेला, आणि मॅकार्वींच्या मुख्य घरात मागे उरली ती एकटी. लॉर्डाची लेक खरी, पण गढीचं छप्पर आजोबांच्या काळातच कोसळलेलं. ती राहायची पूर्वीच्या बागवानाच्या दोन खोल्यांत, कोंबड्या पाळायची, आणि मोटारगाडीत मासे भरून खोऱ्यातल्या दारोदार विकायची.

बाई प्रमुख व्हावी हे गावाच्या पचनी पडलं नव्हतं. गावच्या सभागृहात बैठक भरली तेव्हा तिचा चुलतभाऊ इव्हँडर लंडनहून कुळाच्या चौकड्यांचा घागरा, कोरा करकरीत किल्ट, घालून आला होता. म्हातारा टॉर्क्विल त्याच्या बाजूनं उभा राहिला.

"आमच्या प्रमुखाच्या हातात तलवार शोभायला हवी. ह्या पोरीच्या हातात काय? बांगडा?"

"टॉर्क्विलकाका," मार्सली म्हणाली, "तुमच्या घरातली तलवार गेल्या हिवाळ्यात चुलीतले निखारे उकरायला वापरताना मी पाहिलीय. बांगडा निदान खाता तरी येतो."

सभागृह हसलं. टॉर्क्विल हसला नाही. कुळांचे मान ठरवणाऱ्या एडिनबरोच्या न्यायासनानं पुढे निकाल मार्सलीच्या बाजूनं दिला, तरी त्यानं तिच्यापुढे टोपी कधी काढली नाही. मासे मात्र तिच्याकडूनच घ्यायचा, आणि दर खेपेला नाक मुरडून घ्यायचा.

अशी बरीच वर्षं गेली. एका शरदात टॉर्क्विलची बायको बेहाग वारली.

मॅकार्वींची माणसं तळ्याच्या टोकाला, जुन्या चॅपेलच्या पडक्या भिंतीआड पुरतात. तिथं जाणारी एकच वाट, मयताची वाट. ती ज्या डोंगरातून जाते तो पेलम नावाच्या दक्षिणेकडच्या साहेबानं विकत घेतला होता. हरणांच्या शिकारीचा हंगाम होता, पाहुणे आले होते, आणि साहेबानं वाटेवर नवं फाटक बसवून कुलूप ठोकलं होतं.

टॉर्क्विल मार्सलीच्या दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना.

"तिला डांबरी रस्त्यावरच्या नव्या दफनभूमीत ठेवतो," तो म्हणाला. "तेवढंच सांगायला आलोय."

"बेहागकाकूनं तसं सांगितलं होतं?"

"ती म्हणाली होती, आईशेजारी. पण कुलूप आहे ना पोरी."

'पोरी' हा शब्द त्याच्या तोंडून असा मऊ कधी आला नव्हता. मार्सलीनं अंगावर कोट चढवला आणि थेट पेलमच्या बंगल्यावर गेली.

तिथं इव्हँडर बसलेला, शिकारीला आलेला. पेलमनं तिला चहा दिला, अदबीनं बोलला. पाहुणे पुढच्या आठवड्यात जातील, मग फाटक उघडतो म्हणाला.

"मयत पाहुण्यांसाठी थांबत नाही."

"मार्सली, तमाशा करू नकोस," इव्हँडर कुजबुजला. "घराण्याची काही शोभा आहे."

"शोभेसाठी तू आहेस की. किल्टला इस्त्री छान झालीय."

पेलमचा आवाज चढला. "बाईसाहेब, ह्या डोंगरावर आता तुमचं राज्य नाही."

"राज्य नाही. माणसं आहेत, जमिनीखाली," ती म्हणाली, आणि चहा तसाच ठेवून उठली. प्रमुख म्हणून आजवर तिनं लग्नांना हजेरी लावली होती, बक्षिसं वाटली होती. एवढंच. आता मागे सरली असती तर ते नावही सोडावं लागलं असतं, निदान तिला स्वतःला तरी तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेहागची शवपेटी निघाली. पुढे बॅगपाइप वाजवणारा, मागे आळीपाळीनं खांदा देणारे पुरुष. फाटकाशी साहेबाचा रानराखा मर्डो उभा होता, तोही मॅकार्वीच. त्याच्या शेजारी गावचा पोलीस शिपाई.

"मर्डो, उघड."

"किल्ली साहेबांकडे आहे, मार्सली. माझी नोकरी जाईल गं."

"तुझी आजी त्या टेकाडापलीकडे निजलीय ना? मग तू तोंड तिकडे फिरव. तिला नमस्कार कर. तुला काही दिसलं नाही."

मर्डोनं खरोखरच पाठ फिरवली. मार्सलीनं माशांची गाडी उलटी आणली, दोर फाटकाला बांधला आणि गाडी पुढे दामटली. पहिल्या झटक्याला चाकं चिखलात फिरत राहिली. दुसऱ्या झटक्याला बिजागऱ्या किंचाळल्या आणि फाटक कुलपासकट आडवं झालं.

"बाईसाहेब, हे मला लिहून घ्यावं लागेल," शिपाई अवघडून म्हणाला.

"घे की. नाव नीट लिही. कुळाची प्रमुख असंही लिही."

तिथल्या रिवाजाप्रमाणे बायका घरापासून थोडं अंतर चालून परत फिरत. थडग्यापाशी पुरुषच जात. मार्सली फिरली नाही. गाडी तिथंच सोडून पेटीमागून चालू लागली. तिला चालताना पाहून बेहागच्या बहिणी निघाल्या, मग बाकीच्याही. वरच्या कड्यावर बंदुका घेतलेले पाहुणे थबकून बघत राहिले. त्यांच्यातल्या एकानं टोपी काढली. तो इव्हँडर नव्हता.

खड्ड्याशी पेटी दोरांवर उतरवतात. कुणी कुठला दोर धरायचा हे घरचा माणूस सांगतो. डोक्याकडचा दोर टॉर्क्विलचा. पायाकडचा त्यानं हातात घेतला, पोरांकडे पाहिलं, पुतण्यांकडे पाहिलं, आणि मार्सलीपुढे धरला.

"हा प्रमुखानं धरायचा असतो," तो खेकसला. "घट्ट धर. सोडशील बिडशील."

तिनं धरला. हाताची सालटी निघाली तरी सोडला नाही.

फाटक मोडल्याच्या खटल्यात न्यायाधीशांनी विचारलं, पश्चात्ताप होतो का? "फाटक चांगल्या ओक लाकडाचं होतं, त्याचं वाईट वाटतं," ती म्हणाली. पुन्हा असं करणार नाही, अशी हमी द्यायला तिनं साफ नकार दिला, म्हणून थोडे दिवस तिला इन्व्हरनेसच्या तुरुंगात काढावे लागले. मर्डोची नोकरी गेलीच. तो मुलाबाळांसह ग्लासगोला गेला आणि ही सल तिला जन्मभर राहिली. मयताची वाट गावासाठी खुली असावी, हा दावा मात्र लांबत लांबत जिंकला गेला. खोऱ्यातली म्हातारी माणसं एकामागून एक साक्षीला उभी राहिली, आपण कुणाकुणाला त्या वाटेनं खांद्यावरून नेलं ते नावांसकट सांगत.

निकाल लागायच्या आधीच्या हिवाळ्यात टॉर्क्विलही गेला. फाटक तोवर पुन्हा उभं राहिलं होतं. मार्सलीनं ह्या वेळी कुणाला विचारलंच नाही. दोर गाडीत टाकला आणि सगळ्यांच्या आधी तिथं जाऊन थांबली.