पोरांच्या हातची पंगत

शिवाजी पेठेतल्या शिवलीलाअक्का बोलायला लागल्या की नवखा माणूस दचकतो. त्याला वाटतं, बाई भांडायला उठली. पण ज्या बाईचं निम्मं आयुष्य पिठाच्या गिरणीत गेलं, तिचा आवाज पट्ट्याच्या घरघरीवर चढूनच बाहेर पडणार. माहेर गडहिंग्लजकडचं, बोलण्यात कानडी आणि मराठी दोन्ही, म्हणून सगळी पेठ त्यांना अक्का म्हणते. नवरा सोमलिंग अचानक गेला तेव्हा दिरानं गिरण विकायची म्हणून गिऱ्हाईक आणलं होतं. अक्कांनी त्या माणसाला चहा पाजला आणि त्याच्यादेखत मोटर सुरू केली. म्हणाल्या, "दळण असंल तर ठेवा, पावणं. विकायचं काय न्हाय हितं."

गिरणीपासून हाकेच्या अंतरावर लिंगायतांचा मठ आहे. तिथं दर रविवारी अक्का लहान पोरांना वचनं, म्हणजे जुन्या शरण संतांच्या छोट्या कविता, शिकवायच्या. दळणाचे डबे घेऊन गिरणीत येणारी हीच पोरं, त्यामुळं वर्ग कधी ओस पडला नाही. पोरं चालीत वचनं म्हणायची, आयाबाया मोबाइलवर व्हिडिओ काढायच्या, सगळं छान चाललं होतं.

मग एका श्रावणी सोमवारी मठात दासोह होता. दासोह म्हणजे येईल त्याला पोटभर जेवण, विचारपूस न करता. सकाळी स्टेजवर अमरेश नावाच्या पोरानं सेवेवरचं वचन खणखणीत म्हटलं आणि टाळ्या घेतल्या. दुपारी तोच अमरेश पंगतीत बसला होता. वाढणारी म्हातारी बाई वाकून वाकून दमली होती. अमरेशनं रिकामा पेला तिच्याकडं सरकवला आणि ओरडला, "ए, पाणी आण की!"

अक्का शेजारच्याच रांगेत होत्या.  अमरेशचा राग आलाच, पण जास्त राग स्वतःचा आला. त्यानंतरच्या रविवारी पोरं रांगेत बसली, तेव्हा त्या म्हणाल्या, "आजपास्नं पाठांतर बंद. वचन तोंडात आन् हात खिशात, हे कसलं शिकणं?"

श्रावणात दासोह दर सोमवारी असतो, तेव्हा पुढच्या सोमवारपासून पोरं पंगतीत वाढायला लागली. सगळ्यात लहानांना मीठ आणि लिंबाची फोड. जरा थोराड पोरांना पाणी. गरम भांड्याला कुणी हात लावायचा नाही. ज्याला नको वाटेल त्यानं खेळायला जावं, त्याला कुणी काही म्हणणार नाही. आणि शेवटी सगळ्यांनी मिळून उष्टी ताटं उचलून मोरीपाशी न्यायची.

पोरांना हा खेळ भलताच आवडला. शांभवी पहिलीत होती. मिठाची वाटी दोन्ही हातांनी धरून, जीभ बाहेर काढून, ती एकेका ताटापुढं थांबायची. "मीठ वाढू?" कुणी नको म्हटलं तर तिला खरं वाटायचं नाही, ती पुन्हा विचारायची. माणसं हसायची आणि चिमूटभर घ्यायची. ही शांभवी म्हणजे मठाचे अध्यक्ष गणपतराव यांची नात.

गणपतरावांचं कापडाचं दुकान. मठाचं पडकं सभागृह त्यांनी स्वतः उभं राहून नव्यानं बांधून घेतलं होतं, त्यामुळं मठात त्यांचा शब्द चालायचा. नात मीठ वाढते याचं त्यांना कौतुक होतं. पण तीच नात उष्टी ताटं घेऊन मोरीकडं जाताना दिसली, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. काही आयाही कुजबुजत होत्याच. "आमची पोरं काय उष्टी काढायला पाठवतो व्हय?"

त्यातच घडू नये ते घडलं. एका सोमवारी अक्का कुणाशी तरी बोलायला वळल्या, आणि अमरेशनं मोठेपणा दाखवायला आमटीची बादली उचलली. त्याला ती पेलली नाही. आमटी पायावर सांडली. अक्कांनी पोराला उचलून नळाखाली धरलं, मग तसंच कडेवर घेऊन दवाखाना गाठला. पायावर फोड आले. थोडक्यात निभावलं. अमरेशची आई अनुजा दवाखान्याच्या दारात अक्कांना नाही नाही ते बोलली. अक्का मान खाली घालून उभ्या राहिल्या. 

त्याच आठवड्यात मठात बैठक बसली. गणपतराव शांतपणे म्हणाले, "शिवलीलाताई, लहान पोरांना राबवणं कायद्यानं गुन्हा हाय. मठाचं नाव जाईल."

अक्का उठल्या. "आमटी सांडली ती माझी चूक. माझी नजर हलली. अनुजाच्या दारात जाऊन माफी मागून झाली, हितं परत मागते. गरम भांडी पंगतीतनंच हलवा, मला काय शिक्षा द्यायची ती द्या. पण गणपतराव, उष्टी ताटं कुणाला भाजत न्हाईत. त्यांच्यावर का राग?"

"ते काम आपल्या पोरांचं न्हाय."

"मग कुणाचं?"

गणपतरावांनी उपरणं सारखं केलं.

"नाव घिऊन सांगा की," अक्कांचा आवाज गिरणीतल्यासारखा चढला. "भांडी घासणाऱ्या बाया भाईर बसल्यात. त्यास्नी बी ऐकू जाऊ द्या, हे काम कुणाचं ते."

कुणीही नाव घेतलं नाही. पण निकाल लागला. सभागृहाच्या दारावर पाटी आली: बारा वर्षांखालील मुलांना सेवेस मनाई. रविवारचा वर्गही बंद झाला, आणि वर्गखोलीची किल्ली अक्कांकडून मागून घेतली. अक्कांनी ती गणपतरावांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "खोली तुमची. पोरं कुणाच्या मालकीची न्हाईत."

सोमवारी गिरण बंद असते. त्या सोमवारी अक्कांनी गिरणीतच चूल मांडली, भाकरी थापल्या आणि दार उघडं ठेवलं. कोण येईल याची त्यांना खात्री नव्हती. आधी शांभवी आली, मग आणखी चार-पाच पोरं. पोरांनी डबे भरले, आणि अक्का त्यांना घेऊन गल्लीच्या टोकाला मेहमुदाआजींकडं गेल्या. मेहमुदाआजी गाद्या-उशा शिवायच्या. पडून खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेवरच होत्या, मुलगा पुण्याला. पोरं आधी दारातच घुटमळली. आजी आतून म्हणाल्या, "आत या की! डोळ्यानं दिसंना झालंय, सुईत दोरा कोण ओवतंय बघू."

मग काय, शर्यतच लागली. परत येताना पोरांच्या बोटांवर सुया टोचल्याच्या खुणा होत्या, आणि त्यांना त्याचा केवढा अभिमान!

काही सोमवारांनी अनुजा स्वतः अमरेशला घेऊन गिरणीच्या दारात आली. अक्का काही म्हणायच्या आत तिनंच सांगून टाकलं, "घरात बसवला तर डोकं खातोय. ठेवून घ्या. पर चुलीजवळ दिसला तर बघा, अक्का, मी काय गप बसणार न्हाय."

"बसू बी नकोस," अक्का म्हणाल्या.

मग गणपतराव आले. पोरं डबे घेऊन निघायच्या बेतात होती. त्यांनी नातीचा हात धरला. "मठाची पोरं कुणाच्याबी घरात नेता तुम्ही?"

"कुणाच्याबी न्हाय. उपाशी माणसाच्या."

"पेठेत लोक बोलाय लागलेत, ताई."

"बोलू द्या. सगळी वचनं धुंडाळा, गणपतराव. दार बघून वाढा असं कुठं लिवलंय ते मला दाखवा. त्या दिवशी मी हा डबा खाली ठेवीन."

गणपतराव शांभवीला घेऊन गेले. तिच्या हातातला डबा अमरेशनं घेतला. त्यानंतर शांभवी आली नाही. आणखी दोन घरांनी पोरं पाठवायची बंद केली. अक्कांना वाईट वाटलं, पण सोमवार चुकला नाही.

पुढच्या वर्षीच्या श्रावणात, शेवटच्या सोमवारी, अक्का पोरांना घेऊन मठात गेल्या. पाटीखालून सगळे आत गेले आणि चारचौघांसारखे पंगतीत बसले. समोरच्या रांगेत गणपतराव, त्यांच्या शेजारी शांभवी. गव्हाची खीर झाली, भात झाला. जेवण संपलं तसा अमरेश उठला. त्यानं स्वतःचं ताट उचललं, शेजारच्या म्हाताऱ्याचंही त्यावर ठेवलं आणि मोरीकडं निघाला. त्याच्यामागं बाकीची पोरं.

एक कार्यकर्ता आडवा आला. "अक्का, बोर्ड वाचला न्हाय का? पोरांना सेवा बंद हाय."

"सेवा कुठं करत्यात? जेवली, आता आवरत्यात. आवरायला बी बंदी केली काय तुम्ही?"

कार्यकर्त्यानं गणपतरावांकडं पाहिलं. पण गणपतरावांचं लक्ष दुसरीकडंच होतं. शांभवीनं स्वतःच्या ताटावर त्यांचं ताट ठेवायला हात घातला होता आणि त्यांनी ते घट्ट धरून ठेवलं होतं.

"सोड," गणपतराव हळूच म्हणाले.

"तुम्ही सोडा, आजोबा."

खिरीची वाटी कलंडली. धोतरावर डाग पडला. दोन्ही रांगा आता त्यांच्याकडं बघत होत्या. गणपतरावांनी ताट सोडलं नाही. ते ताट हातात धरूनच उठले, तसेच रांगेमधून चालत मोरीपर्यंत गेले आणि घासणाऱ्या बाईपुढं ते ठेवलं. शांभवी आपलं ताट घेऊन त्यांच्या मागोमाग. नातीनं उचलू नये म्हणून ते उठले, की दुसऱ्या कशानं, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पण अध्यक्ष स्वतःचं ताट घेऊन गेल्यावर बाकीच्यांना बसून राहायला तोंड उरलं नाही. त्या दिवशी पंगतीत एकही उष्टं ताट मागं राहिलं नाही.

म्हणून सगळं गोड झालं असं नाही. पाटी अजून तशीच आहे. गणपतराव आणि अक्का समोरासमोर आले तर मान हलवतात, बोलत नाहीत. मध्यंतरी मठाकडून एक जण निरोप घेऊन आला होता: झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त करा, रविवारचा वर्ग परत देऊ. अक्का तेव्हा चाळणीतून रवा काढत होत्या. त्यांनी चाळणी थांबवली.

"कशाची दिलगिरी? आमटीची मागितली, आयुष्यभर मागीन. ताटांची न्हाय मागणार."

शांभवी आता पुन्हा सोमवारी येते, कुणाच्या परवानगीनं ते अक्कांनी विचारलेलं नाही. पोरांनी हल्ली एक पांगळे मास्तर शोधून काढलेत, त्यांना भाकरी चालत नाही, भातच लागतो. त्यामुळं गिरणीत आता मोठं पातेलं आलंय, आणि त्याच्याभोवती अक्कांनी खडूनं रेघ मारलीय. रेघेच्या आत फक्त अक्का. बाहेर सगळी पेठ.