ऋतुजाच्या आईचं वाचायचं राहिलेलं पुस्तक

मंडळी, आज दुपारी डोणगावला ऋतुजाकडे गेले होते. माझी दहावीची विद्यार्थिनी. तिला रक्ताचा कॅन्सर आहे. मागच्या भेटीत तिला एक कादंबरी दिली होती, अशाच आजारातल्या मुलीची. तिनंच मागितली होती.

ऋतुजा झोपली होती. कादंबरी तिच्या आईच्या हातात होती.

"पोरीनं उघडली बी नाही, मीच वाचून राह्यली," त्या हळूच म्हणाल्या. "मॅडम, ह्यातली पोरगी उशीत तोंड खुपसून रडते, पण मायले सांगत नाही. आमची बी असंच करत असन का?"



ऋतुजा जागी झाली तशी आईंनी पुस्तक चादरीखाली सरकवलं आणि चहा ठेवायला आत गेल्या.

ऋतुजा माझ्याजवळ सरकली. "मॅडम, ते पुस्तक घेऊन जा. माह्यं कवाच वाचून झालं. शेवटी ती पोरगी मरते. आई अजून तिथपर्यंत गेली नाही."

मी पुस्तक पर्समध्ये टाकलं. निघताना आईंना सांगितलं, दुसऱ्या मुलीला हवंय.

"थोडंच राह्यलं होतं," त्या म्हणाल्या.

मेहकरला येईपर्यंत एसटीत मला रडूसुद्धा आलं नाही. नुसती बसून होते.

आत्ता त्यांचा फोन आला होता. "मॅडम, शेवटी बरी होते ना ती?"

मी "हो" म्हटलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तुम्ही काय सांगितलं असतं?