गच्ची कोणी बळकावली

आमच्या बोळिंजच्या सोसायटीत गच्चीला कुलूप लागलं, तेव्हा मला एकाच गोष्टीची काळजी होती, आईच्या गुडघ्यांची. डॉक्टरांनी तिला सकाळचं ऊन घ्यायला सांगितलं होतं आणि समोरचा टॉवर उभा राहिल्यापासून आमच्या घरात उन्हाचा कवडसाही येत नव्हता. कुलूप लावलं होतं सातव्या मजल्यावरच्या काकांनी. वटार गावातली वाडी सोडून ते लेकाकडे फ्लॅटमध्ये राहायला आले होते आणि त्यांनी गच्चीभर दुधी-पडवळाचे वेल चढवले होते.

वर जाऊन किल्ली मागावी, असं कमिटीत कोणाच्या मनातही आलं नाही. आमच्याकडे छत गळलं तरी आधी अर्ज, मग पोच, मग प्लंबर. नोटीस काढायचं ठरलं आणि मी मराठीची निवृत्त शिक्षिका, म्हणून मसुदा माझ्याकडे आला.

चेअरमननी लिहिलं होतं, 'आपण गच्ची हडप केली आहे.' मी म्हटलं, हे नळावरच्या भांडणातलं झालं, नोटिशीत शोभत नाही. मग 'ताबा घेतला' लिहू, सेक्रेटरी म्हणाले. मी सांगितलं, हा मूळचा अरबी शब्द, मागोमाग चालणारा, हुकमातला अशा अर्थाचा. त्यावर खजिनदार खवळले.

"बाई, फ्लॅटचा ताबा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले होते. चार वर्षं वाट पाहिली त्या शब्दाची. तो गुन्ह्याला वापरायचा?"

सगळ्यांना पटलं. मग मी 'बळकावणे' सुचवलं. घरचा शब्द, 'बळ'पासून झालेला. दुसऱ्याची वस्तू जोर करून घेणे. चेअरमन विचारात पडले. "पण त्यांनी जोर कुठे केला? पंच्याहत्तरीचा माणूस. त्या कुलपातसुद्धा जोर नाही." झालं. बळ म्हणजे अंगातलंच धरायचं का, यावर पुढची बैठक.

दोन आठवडे मी रोज सकाळी शब्दकोश पिशवीत घालून सोसायटीच्या ऑफिसात जात होते. आई दारापर्यंत येऊन म्हणायची, "सावकाश ये, घाई करू नको." मला अपराधी वाटायचं. ती बिचारी उन्हावाचून बसलीय आणि आपण शब्दांची मुळं खणतोय. पण खरं सांगायचं तर मजा येत होती.

शेवटी 'बळकावली' मंजूर झालं. नोटीस द्यायला आम्ही चौघं वर गेलो. काका घरी नव्हते, म्हणून गच्चीकडे वळलो, तर दार आतून बंद. चेअरमननी कडी वाजवली.

दार आईने उघडलं. तिच्यामागे वेलाच्या कडेला खुर्ची होती, खुर्चीवर निवडायला घेतलेली भाजी. पलीकडे काका पाणी घालत होते.

"किल्ली मागितली, त्यांनी दिली," आई म्हणाली. "पहिल्याच दिवशी."

चेअरमन नोटीस धरून उभे राहिले. आता ती कोणाच्या हातात द्यायची, हे त्यांना कळेना. काकांनी त्यांना एक दुधी दिला.

घरी आल्यावर मी आईवर चिडले. "मला सांगितलं का नाहीस? दोन आठवडे मी तिथे डोकं फोडतेय."

"सांगितलं असतं तर तू पुन्हा घरी बसली असतीस," ती म्हणाली. "शाळा सुटल्यापासून सकाळी इस्त्रीची साडी नेसून निघालीस, ती याच दोन आठवड्यांत."