दोह्यात घुमलेलं ‘अडव!’

विमान खाली आलं आणि समुद्राच्या काठावर काचेच्या उंच इमारती चमकू लागल्या, तेव्हा मी त्यांचं कौतुक करायचं सोडून बॅगेतल्या सुक्या बोंबलांची काळजी करत होते. वसईहून निघताना आईने प्लास्टिकचे थरावर थर गुंडाळले होते, तरी वास जायचा तिथे जातोच. कस्टम्सच्या माणसाने बॅगेजवळ नाक आक्रसलं आणि “यल्ला, यल्ला” (चला, चला) म्हणत मला पुढे हाकललं. कतारमधला माझा पहिला विजय हा असा झाला.

माझी धाकटी बहीण जेसी इथे नर्स आहे. तिचं घर अल थुमामाला, विमानतळाच्या जवळच. तिचा नवरा रॉबर्ट रास लफानच्या गॅस प्रकल्पात शिफ्टला जातो, आणि घरात असतो तेव्हा बहुतेक झोपलेला असतो. राहिली भाची एलिसा. तिला मराठी सगळी कळते, पण उत्तर इंग्रजीत. मी विचारलं, “कशी आहेस गं?” ती म्हणाली, “फाइन, मावशी,” आणि खोलीत गेली.

“हिचं काय बिनसलंय?” मी स्वयंपाकघरात विचारलं.

“ताई, शनिवारी शाळेची हँडबॉलची मॅच आहे,” जेसी बोंबील भाजता भाजता म्हणाली. “गेल्या मॅचला हरल्या, तेव्हापासून हिचा आवाजच गेलाय. ही गोलकीपर ना, मागून सगळ्यांना ओरडून सांगायचं काम हिचं. कोच म्हणाल्या, शनिवारीही गप्प राहिलीस तर दुसरीला उभी करावी लागेल.”

मी वसईच्या शाळेत मराठी शिकवते. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो, कधी कधी शेजारच्या वर्गातही. आमच्या घरातली पोरगी गप्प बसली म्हणून संघाबाहेर जाणार, हे काही माझ्या गळी उतरेना. दुसऱ्या दिवशी मीही सरावाला गेले.

बाहेर ऊन नुसतं भाजत होतं आणि शाळेच्या हॉलमध्ये शाल घ्यावी अशी थंडी. एलिसाच्या कोचचं नाव अलेंका. ती स्लोव्हेनियाची, उंच आणि हसरी. तिची कामाची तऱ्हा मला फार आवडली. बचावाच्या प्रत्येक हालचालीला तिने एक क्रियापद दिलं होतं, आणि तेही तिच्या मायबोलीतलं. मी कारण विचारलं.

“इथे इंग्रजी सगळ्यांना कळतं,” ती इंग्रजीत म्हणाली. “हिंदी आणि अरबीही बऱ्याच जणींना. आम्ही काय करणार ते समोरच्या संघाला आधीच समजतं. माझी भाषा मात्र इथल्या शाळांत कुणाला येत नाही.”

मग तिने मला सगळं करून दाखवलं. ‘डिफेंड’ म्हणजे ‘ब्रानी’: सगळ्या ओळीने हात वर करून पुढे यायचं. ‘गार्ड’ म्हणजे ‘चूवाय’: आपापली खेळाडू सोडायची नाही. ‘प्रोटेक्ट’ला ‘वारूय’: मागे सरून गोलपुढची जागा धरायची. आणि ‘शील्ड’ला ‘श्चीती’: दोघींनी एकमेकींना चिकटून गोलची एक बाजू बंद करायची, दुसरी गोलकीपर बघून घेईल.

“तुमच्या भाषेत काय म्हणतात?” तिने विचारलं.

शिक्षकाला असा प्रश्न विचारू नये. “अडव! राख! सांभाळ! झाक!” मी हॉलच्या मधोमध उभी राहून सुरूच केलं. फिलिपिनो, इजिप्शियन, मल्याळी मुली खिदळत माझ्यामागून म्हणू लागल्या. “झाक”वर तर त्या फारच खूश झाल्या. सगळा सराव त्यांनी मराठीत केला. एलिसा गोलमध्ये लाजून चूर झाली होती.

“आणखी एक आहे, ‘जप’,” मी म्हटलं. “पण ते ओरडून नाही म्हणत. कुणी निघालं की हळूच म्हणतात.”

“मावशी, प्लीज स्टॉप,” एलिसा म्हणाली.

शुक्रवारी आम्ही चर्चमध्ये मिस्साला गेलो. इथे सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे देवळात गर्दीही शुक्रवारी. नंतर गाडीत बसूनच करक (दूध आटवून केलेला कडक गोड चहा) प्यायलो. एलिसाने कपाला तोंडही लावलं नाही.

शनिवारी समोरच्या संघाच्या शाळेचा हॉल भरलेला होता. माझ्या शेजारी त्यांच्याच संघाचा मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ बसले होते. खेळ सुरू झाला. एलिसाने धीर करून हाक दिली, “ब्रानी!” आणि समोरची कोच चक्क हसली. नंतर कळलं, ती नुकतीच आलेली, क्रोएशियाची. म्हणजे अलेंकाच्या शेजारच्या देशातली! तिच्या भाषेतही हे शब्द जवळपास तसेच. आमची हाक गेली रे गेली की ती आपल्या मुलींना इंग्रजीत सांगे, डावीकडे घुसा, मधून घुसा. आमच्यावर गोलांमागून गोल झाले. एलिसाने ओरडणं बंद केलं. तिचा चेहरा पडला. बाकावरची दुसरी गोलकीपर हातपाय मोकळे करायला लागली होती.

मध्यंतरानंतर अलेंकाने एलिसालाच परत उभं केलं, पण दुसरीलाही तयार राहायला सांगितलं. समोरच्या मुली चेंडू घेऊन धावत आल्या आणि मागून आवाज आला:

“अडव!”

आमच्या मुली क्षणभर चमकल्या, मग सगळी ओळ हात वर करून पुढे सरकली. चेंडू आमच्या हातात! क्रोएशियाच्या बाईंनी कान टवकारले, आपल्या मुलींकडे पाहिलं. मुलींनी खांदे उडवले.

“राख! अगं, राख तिला!” मी शिकवले नव्हते असले शब्दही आता तिच्या तोंडून निघत होते. “सांभाळ! मागे ये, मागे!” एकेक गोल फिटत गेला. आम्ही एका गोलने पुढे गेलो आणि शेवटच्या हल्ल्यात त्यांची सगळ्यात दांडगी मुलगी उसळली. “झाक!” एलिसा किंचाळली. दोघींनी एक बाजू बंद केली, चेंडू दुसरीकडे आला आणि एलिसाच्या छातीवर आदळून बाहेर गेला. शिट्टी वाजली. मी नाचले, अगदी निर्लज्जपणे नाचले.

शेजारचे गृहस्थ मफलर सोडवत म्हणाले, “मुबारक हो, ताई. मी रत्नागिरीचा.”

“अहो, म्हणजे तुम्हाला सगळं कळत होतं?”

“शब्द न् शब्द! पण कळून उपयोग काय? माझी पोरगी तिकडे खेळतेय, तिला मराठी कुठे येते? घरी आम्हीच इंग्रजी झाडत बसलो.” ते हसले. “कोचला जाऊन सांगणार होतो. पण इतक्या वर्षांत एवढ्या मोठ्या हॉलात मराठी ऐकली नव्हती. उठवेनाच.”

निघायच्या दिवशी विमानतळावर एलिसा मला बिलगली. तिचा घसा अजून बसलेलाच होता. “मावशी,” ती कानाशी म्हणाली, “जप.”

वसईला पोचले तेव्हा आई दारातच उभी होती. मी तिच्या हातात खजूर ठेवले. विमानात मनाशी म्हणत आले होते, इतकी वर्षं मुलांना मराठी जपा म्हणून कानीकपाळी ओरडले, आणि वेळ आली तेव्हा मराठीनेच आमच्या मुलीला राखलं.

“एलिसा बोलली का गं तुझ्याशी मराठीत?” आईने विचारलं.

“बोलली?” मी म्हटलं. “आई, तिने अख्खा हॉल हलवला!”